वेगाचा ताळेबंद : स्पोर्ट मोटारसायकलची शक्ती वाढवण्यापूर्वी

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत सध्या एक नवीन खर्चाचे शीर्षक वहीत उतरू लागले आहे. मुलाने हट्टाने स्पोर्ट मोटारसायकल घेतलेली असते. सहा महिने जात नाहीत तोच तो पुन्हा वडिलांसमोर उभा राहतो. आता त्याला वेगळा सायलेन्सर हवा असतो, वेगळा एअर फिल्टर हवा असतो आणि इंजिनाच्या संगणकात ‘मॅप’ बदलून घ्यायचा असतो. वडिलांना यातले काही समजत नाही. त्यामुळे ते एक तर सरळ नकार देतात, नाही तर कटकट नको म्हणून पैसे काढून देतात. दोन्ही निर्णय माहितीवाचून घेतलेले असतात. आणि माहितीवाचून केलेली गुंतवणूक लहान असो की मोठी, तिचा परतावा दैवावर सोडलेला असतो, हे व्यापारी कुटुंबांना सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली, इंजिने नव्हे. परंतु कोणत्याही प्रस्तावाला विचारायचे प्रश्न सर्वत्र सारखेच असतात. भांडवल किती, वाढीव उत्पन्न किती, जोखीम कोणावर आणि कागदपत्रे काय? हेच प्रश्न घेऊन या विषयाकडे पाहू.

कानाकडून संगणकाकडे

गाडीची शक्ती वाढवण्याची हौस नवी नाही. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अवघे ९८ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, अश्वशक्ती ११ आणि वजनाने हलकी. गावोगावचे मेकॅनिक तिचे पोर्ट कानशीने घासून देत, कार्बोरेटरमध्ये मोठे जेट बसवत आणि इंजिनाच्या आवाजावरून ठरवत की काम जमले आहे. सारे ज्ञान हाताच्या सवयीत आणि कानात साठवलेले होते.

आजच्या गाडीत कार्बोरेटर नाही. इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे इंजिनाचा संगणक ठरवतो. उदाहरण म्हणून आपल्या अगदी जवळचीच गाडी घेऊ. बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागभांडवल घेतले, आणि पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी ३९० ड्यूक २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली. एकच सिलिंडर, ८९ मिलिमीटर व्यास, दट्ट्याची ६० मिलिमीटर धाव आणि त्यातून येणारी ३७३ घनसेंटिमीटर क्षमता. कंपनीने जाहीर केलेली शक्ती ९,००० फेऱ्यांना ४३.५ अश्वशक्ती. २०२३ मध्ये आलेल्या नव्या पिढीत हे इंजिन ३९९ घनसेंटिमीटरचे झाले. पण शक्ती वाढवण्याचे सर्वाधिक प्रयोग ज्यावर झाले ते इंजिन म्हणजे ही ३७३ ची जुनी पिढी. म्हणून पुढील हिशेब तिचाच धरला आहे.

अश्वशक्ती म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेले असतात, टॉर्क आणि अश्वशक्ती. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. अश्वशक्ती म्हणजे तो जोर मिनिटाला किती वेळा लावला जातो याचा एकत्रित हिशेब. दुकानदाराला हे चटकन उमगेल. एका गिऱ्हाइकामागे सुटणारा नफा म्हणजे टॉर्क, दिवसभरात येणाऱ्या गिऱ्हाइकांची संख्या म्हणजे फेरे आणि संध्याकाळी हाती उरलेला एकूण नफा म्हणजे अश्वशक्ती.

या इंजिनाचा कमाल टॉर्क ७,००० फेऱ्यांना ३७ न्यूटन-मीटर आहे. त्या क्षणी त्याची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती भरते. ९,००० फेऱ्यांना टॉर्क उतरून सुमारे ३४ वर येतो. तरीही शक्ती मात्र ४३.५ होते. गिऱ्हाइकामागचा नफा घटला, पण गर्दी वाढली, म्हणून गल्ला वाढला.

यावरून शक्ती वाढवण्याचे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे प्रत्येक स्फोटाचा जोर वाढवायचा, त्यासाठी सिलिंडरमध्ये अधिक हवा भरायची आणि तिच्या प्रमाणात इंधन द्यायचे. दुसरा म्हणजे मिनिटाचे फेरे वाढवायचे. बाजारात जे जे विकले जाते, ते या दोहोंपैकी एकासाठी असते.

हवा, इंधन आणि दरपत्रक

फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. ९,००० फेऱ्यांना ते मिनिटाला ४,५०० वेळा हवा ओढते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला असे धरले तर मिनिटाला सुमारे १,६८० लिटर हवा आत जाते, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर तिच्यासोबत ढोबळमानाने दीडशे ग्रॅम पेट्रोल. एवढी हवा आत येण्याच्या व जळून बाहेर जाण्याच्या वाटेत जे अडथळे आहेत, ते म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर आणि त्यातील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. म्हणूनच तरुणांचे पहिले लक्ष यांच्याकडे जाते.

पण वाट मोकळी करून काम संपत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाच्या जवळपास नीट काम करतो. परंतु इंजिनाची सर्वाधिक शक्ती मिळते ती सुमारे १३ ला १ या किंचित अधिक इंधनाच्या मिश्रणावर. आता हवा वाढली आणि इंधन तेवढेच राहिले, तर मिश्रण विरळ होते, ज्वलनाचे तापमान चढते आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागतो. तरुण मंडळींना तो आवाज शौर्याचा वाटतो. जाणकार मेकॅनिक मात्र तो ऐकून मिश्रण तपासतो.

हे संतुलन पुन्हा साधण्यासाठी ‘मॅप’ बदलतात. मॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातील एक कोष्टक. आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत ॲक्सिलरेटर किती उघडला आहे, आणि प्रत्येक चौकोनात किती इंधन सोडायचे याचा आकडा. ठिणगी केव्हा पाडायची याचे असेच दुसरे कोष्टक असते. घाऊक व्यापाऱ्याच्या दरपत्रकासारखीच ही रचना आहे. माल कोणता आणि नग किती हे पाहून दर ठरतो. अमेरिकेच्या डायनोजेट कंपनीचे पॉवर कमांडर किंवा बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक यांसारखी उपकरणे मूळ संगणकाच्या जोडीला बसतात आणि त्याचे हे आकडे दुरुस्त करतात. काही तज्ज्ञ मूळ संगणकातलेच कोष्टक नव्याने लिहितात.

याच बाजारात ‘रेसिंग चिप’ या नावाने आणखी एक स्वस्त वस्तू मिळते. त्यांपैकी अनेकांत आत केवळ एक साधा रोधक असतो. तो संगणकाला बाहेरची हवा आहे त्यापेक्षा थंड असल्याचे भासवतो, आणि संगणक बिचारा सरसकट जास्त इंधन सोडू लागतो. हे दरपत्रक सुधारणे नव्हे. तराजूखाली बोट लावणे आहे.

वाढ किती, खर्च किती?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हीरोच्या स्प्लेंडरचे ९७ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे ८ अश्वशक्ती देते; म्हणजे क्षमतेच्या लिटरमागे सुमारे ८२. ड्यूकचे इंजिन लिटरमागे ११५ हून अधिक देते. दाबाचे गुणोत्तरही त्यात साडेबारापटींच्या घरात आहे. म्हणजे कारखान्यानेच हे इंजिन पुष्कळसे पिळून काढले आहे. उरलेल्या उसात रस थोडाच राहतो. सायलेन्सर, फिल्टर आणि मॅप हे तिन्ही नीट जमले, तर अशा इंजिनात साधारणतः दोन ते चार अश्वशक्तींची भर पडते.

ही भर रस्त्यावर काय देते? समजा शक्ती ८ टक्क्यांनी वाढली. मोठ्या वेगाला सर्वांत मोठा विरोध हवेचा असतो, आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ८ टक्के शक्तीने कमाल वेग जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढतो. ताशी १६० किलोमीटर जाणारी गाडी १६४ जाईल. ॲक्सिलरेटर पिळताच गाडी अधिक तत्परतेने उसळते, मधल्या फेऱ्यांतली अडखळ जाते, हा लाभ खरा आहे आणि चालवणाऱ्याला तो जाणवतो. पण ‘गाडी पार बदलून जाईल’ हे दुकानातील वाक्य ताळेबंदात बसत नाही.

तुलनेसाठी एक कमी खर्चाचा उपाय पाहा. समजा गाडीच्या चेनसेटमध्ये पुढच्या चक्राला १५ आणि मागच्याला ४५ दात आहेत. पुढे १४ दातांचे चक्र लावले, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. त्याची किंमत म्हणजे त्याच फेऱ्यांना वेग सुमारे तेवढाच कमी होणे. इंजिनाने एक कणही अधिक शक्ती दिलेली नसते. फक्त भांडवल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेले असते.

फेरे वाढवण्याचा खरा भाव

मॅप बदलताना काही जण फेऱ्यांची कमाल मर्यादाही वर सरकवून घेतात. येथे मात्र थांबून हिशेब करावा. ९,००० फेऱ्यांना दट्ट्या सेकंदाला ३०० वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेला वळतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर असतो. दट्ट्या व कनेक्टिंग रॉड यांच्यावर पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९,००० चे १०,००० केले की वाढ दिसते ११ टक्क्यांची. ताण मात्र २३ टक्क्यांनी वाढलेला असतो. कर्ज ११ टक्क्यांनी वाढावे आणि व्याज २३ टक्क्यांनी, असा हा व्यवहार आहे. मर्यादा ठरवताना कारखान्याने हेच गणित मांडलेले असते.

ठिणगी लवकर पाडण्याचेही तसेच. थोडी आगाऊ ठिणगी शक्ती देते. ती जास्त आगाऊ झाली, किंवा पेट्रोलचा ऑक्टेन कमी पडला, तर सिलिंडरमधले उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि दट्ट्यावर घणाचा घाव बसावा तसा आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर दट्ट्याचा माथा वितळू शकतो. त्यात आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे चांगलेच. परंतु त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक द्यावे लागते. या मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ होते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप या इंधनावर विरळ पडू शकतो. म्हणून मॅप कोणत्या पेट्रोलवर केला, हे विचारून घेतलेच पाहिजे.

मोजमापाची एक दुपार

माझ्या पुतण्याची अशीच एक गाडी आहे. मॅपसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले आणि प्रकरण ‘शिफारशीसाठी’ माझ्याकडे आले. आम्ही दोघे पुण्याच्या औद्योगिक भागातील एका ट्यूनरकडे गेलो. चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्याच्याकडे डायनो होता. जमिनीत बसवलेल्या जड रूळावर गाडीचे मागचे चाक ठेवतात, गाडी पट्ट्यांनी बांधतात आणि पूर्ण वेगात चालवून चाकापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी शक्ती मोजतात. गिअर आणि चेनमध्ये काही शक्ती खर्च होते. म्हणून हा आकडा माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी येणे स्वाभाविक असते.

“साहेब, आधी गाडी आहे तशी मोजू या,” तो म्हणाला. “सुरुवातीची शिल्लक लिहिल्याशिवाय नफा कसा काढणार?”

मला त्याचे वाक्य आवडले. आलेख निघाला तेव्हा आकडा अपेक्षेपेक्षाही खाली होता. त्याने गाडी उघडली. एअर फिल्टर धुळीने बुजलेला, चेन सैल आणि कोरडी, स्पार्क प्लग झिजलेला. पुढच्या ब्रेकचे पॅड तर जवळजवळ संपले होते.

“काका, मी तर सर्व्हिसिंगचे पैसे मॅपसाठी बाजूला ठेवत होतो,” पुतण्या हळूच म्हणाला.

ट्यूनरने त्या दिवशी मॅप केला नाही. फिल्टर, प्लग, चेन आणि ब्रेक यांचे काम करून त्याने गाडी पुन्हा रूळावर चढवली. गमावलेली शक्ती बव्हंशी परत आली होती. “आता महिनाभर चालवा. तरीही हवे वाटले तर या,” एवढेच तो म्हणाला. गिऱ्हाईक परत पाठवून धंदा जपणारा माणूस भेटला, की बँकेत त्याच्या अर्जावर सही करताना हात कचरत नसे. तेच मला तेथे आठवले. पुतण्या महिन्याने पुन्हा त्याच्याकडे गेला खरा, पण पुढच्या टायरची चौकशी करायला.

कायदा, विमा आणि कर्ज

हा भाग घरातील वडीलधाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धूर यांचे निकष मोडल्यास कलम १९० प्रमाणे पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलींसाठी कारखान्याला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. डेसिबलचा आकडा फसवा असतो. १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिलीच आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाडीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे म्हणजे आपल्याच गल्लीतील लहान मुलांच्या श्वासात विषारी वायू सोडणे आहे.

विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. गाडीत केलेला महत्त्वाचा बदल कंपनीला कळवला नाही, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वादात सापडू शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. कारखान्याची वॉरंटीही अनधिकृत बदलातून झालेल्या बिघाडाला लागू होत नाही. गाडी कर्जाऊ असेल, तर कर्ज फिटेपर्यंत ती बँकेचे तारण आहे, हे विसरू नये. करारपत्रातील बारीक अक्षरांतल्या अटी एकदा वाचाव्यात. आणि मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर प्रश्नच नको. कलम १९९-अ प्रमाणे २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास यांची जबाबदारी पालकावर किंवा वाहनाच्या मालकावर येते.

आपल्यापैकी ज्यांची ऑटोमोबाइलच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यांनाही दोन शब्द. ‘केवळ रेसिंग ट्रॅकसाठी’ असे खोक्यावर छापलेले असते, हे गिऱ्हाइकाला वाचून दाखवावे आणि बिलावर लिहावे. तरुण मुलाला अर्धी माहिती देऊन विकलेला माल परत येत नाही. परतते ती त्याच्या वडिलांची नाराजी, आणि पेढीच्या नावाची किंमत कोणत्याही नफ्याहून मोठी असते.

मग करावे काय?

मुलाच्या आवडीवर सरसकट बंदी घालावी असे माझे मत नाही. यंत्राच्या आत काय चालते हे जाणून घेण्याची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे. त्या ओढीतूनच उद्याचा अभियंता किंवा प्रामाणिक ट्यूनर घडतो. फक्त क्रम योग्य असावा. प्रथम गाडीची देखभाल पूर्ण करावी. नंतर ब्रेक, टायर, हेल्मेट आणि अंगरक्षक कपडे यांवर खर्च करावा. वेग १०० वरून १२० झाला की गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. शक्ती वाढवणाऱ्याने थांबण्याची तयारी आधी वाढवलेली असावी. त्यानंतर चालवण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण. वेगाची हौस भागवायची, तर चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूर येथील बंदिस्त ट्रॅक आहेत. तेथे समोरून ट्रक येत नाही आणि रस्ता ओलांडणारी आजीही नसते.

आणि एवढे झाल्यावर केवळ ट्रॅकसाठी मॅप करायचाच असेल, तर एकाच यंत्रावर, एकाच दिवशी काढलेले आधीचे आणि नंतरचे आलेख मागावेत. मूळ मॅपची प्रत जपून ठेवून घ्यावी. काढलेला प्रत्येक मूळ भाग घरी आणावा. पक्के बिल घ्यावे. जो ट्यूनर यांपैकी एकालाही नाही म्हणतो, त्याच्याकडून उठून यावे.

मुलगा पैसे मागायला येईल तेव्हा त्याला नकार किंवा होकार देण्याआधी एक कोरा कागद द्या. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला लाभ आणि तळाशी जोखीम, असे त्याच्याच हाताने लिहून घ्या. त्याला ब्रेकच्या पॅडची जाडी मोजून आणायला सांगा. तो कागद भरता भरता त्याला उत्तर बहुधा स्वतःच सापडेल, आणि स्वतः शोधलेले उत्तर तरुण माणूस सहसा मोडत नाही.